टीव्ही-गेमच्या जुन्या कॅसेटी आणि पीएस-टूच्या डिस्क: नवे यंत्र घ्यावे, की आधी प्रती काढाव्यात?

खाडीकाठ (देवगड तालुका)

सर्व जाणकारांना नमस्कार. पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्यासाठी माळा रिकामा केला, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत आमच्या लहानपणीची दोन यंत्रे सापडली. त्यांचे पुढे काय करावे याविषयी आपला सल्ला हवा आहे. पहिले यंत्र म्हणजे १९९६ च्या सुमारास वडिलांनी मुंबईहून आणलेला टीव्ही-गेम, अर्थात निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल. त्याच्यासोबत अकरा कॅसेटी, दोन रिमोट आणि एक बंदूक आहे. दुसरे यंत्र म्हणजे थोरल्या भावाने २००७ मध्ये घेतलेले प्लेस्टेशन २ चे बारीक मॉडेल. त्याच्या चोवीस डिस्क आहेत. त्यांतल्या सहा मूळ छापील आहेत आणि उरलेल्या त्या काळी बाजारात सर्रास मिळणाऱ्या, रेकॉर्ड केलेल्या आहेत. टीव्ही-गेम लावला की पडदा नुसता राखाडी होतो. प्लेस्टेशन चालू होते, पण तीन-चार वेळा घातल्यावर एखादी डिस्क वाचते.

पुण्याचा पुतण्या म्हणतो की नवीन प्लेस्टेशन ५ घेतले की जुन्या सगळ्या डिस्क त्यावर चालतील आणि जुने यंत्र भंगारात देता येईल. हे खरे आहे का? रक्कम मोठी आहे, म्हणून आधी विचारतो. दरम्यान त्याने माझ्या फोनवर एक इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकून दिला आणि त्यावर आमचाच जुना मारिओ लावला. पण तो मला ओळखीचा वाटला नाही. संगीत घाईचे वाटले, उडी घाईची वाटली. माझी आठवण चुकते आहे, की इम्युलेटर चुकतो आहे?

आणखी एक गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मे महिन्याच्या सुट्टीत वाडीतली सगळी मुले आमच्या पडवीत जमत असत. क्रिकेटच्या एका गेममध्ये खेळाडूंची नावे बदलता येत होती, तेव्हा आम्ही एका संघात वाडीतल्या अकरा जणांची नावे घातली होती. तो संघ मेमरी कार्डावर आहे. त्या अकरा जणांपैकी आज वाडीत राहतो तो मी एकटा. बाकीचे मुंबई, पुणे आणि आखातात आहेत. यंदा गणपतीला बहुतेक जण येणार आहेत आणि तोपर्यंत तो संघ पडद्यावर दिसावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गोळप_दुरुस्ती (रत्नागिरी तालुका)

नमस्कार दादा. मी गेली सत्तावीस वर्षे टीव्ही आणि रेडिओ दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे यंत्रांपुरते बोलतो.

राखाडी पडदा हे बहुतेक वेळा कॅसेटचा संपर्क नीट होत नसल्याचे लक्षण असते. म्हणजे यंत्र जिवंत आहे, पण त्याला कॅसेट वाचता येत नाही. फॅमिकॉमच्या कॅसेटला साठ संपर्कपट्ट्या असतात आणि त्यांतली एखादी जरी काळवंडली तरी खेळ अडू शकतो. आपल्याकडचा खारा वारा आणि चार महिन्यांची ओल तांब्यावर हिरवट थर चढवते, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही दुरुस्तीवाल्याला रोज दिसते. लहानपणी आपण सगळेच कॅसेटमध्ये फुंकर मारत होतो. कृपया आता मारू नका. फुंकरीने खेळ सुरू होत असे तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. श्वासातली ओल मात्र पट्टीवर राहते आणि गंज वाढवते. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. ते कापसाच्या काडीला लावून पट्ट्या पुसा, काडी काळी निघायची थांबेपर्यंत पुसा, आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट बसवा. पॉलिश पेपर लावू नका, कारण पट्टीवरचा मुलामा एकदा गेला की गंज लवकर येतो.

अॅडाप्टर जुनाच असेल तर लावण्यापूर्वी तो मीटरवर तपासा. यंत्राच्या आत बहुधा ७८०५ हा रेग्युलेटर असतो आणि तो चिपांना पाच व्होल्ट पुरवतो. अॅडाप्टरच्या टोकाची धन-ऋण बाजू उलटी असेल, तर तो आणि त्याच्या पुढचे सगळे एका क्षणात जाऊ शकते. बाजारातला कोणताही अॅडाप्टर पिन बसते म्हणून लावल्यामुळे मेलेली यंत्रे माझ्याकडे कितीतरी आली आहेत.

प्लेस्टेशनची लेन्स कोरड्या मऊ काडीने हलकेच पुसून पाहा. ज्या रुळावर ती सरकते त्यावरचे जुने ग्रीस घट्ट झाले असेल, तर ते काढून नवे लावावे लागेल. लेन्सजवळचा लेझरची ताकद ठरवणारा स्क्रू मात्र फिरवू नका; त्याने डिस्क काही दिवस वाचली जाते आणि मग लेझरच संपतो.

बंदुकीविषयी एक सांगून ठेवतो. ती कोणत्याही नव्या टीव्हीवर चालणार नाही. बदके टिपण्याच्या गेममध्ये चाप ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो पांढरा उजेड नेमक्या त्या क्षणी शोधतो. पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्र तत्काळ रेखाटतो. सपाट टीव्ही आधी चित्रावर प्रक्रिया करतो, म्हणून उजेड उशिरा येतो आणि नेम चुकला असे गेम समजतो. कोणाकडे डबा टीव्ही पडून असेल तर तो टाकू देऊ नका.

मोती_तलाव (सावंतवाडी)

वरील उत्तर उत्तम आहे. मी पुतण्याच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात आपले पैसे गुंतले आहेत: प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन २ ची एकही डिस्क चालत नाही. त्यावर प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सगळे गेम चालतात, पण त्याआधीच्या तीन पिढ्यांच्या डिस्क ते यंत्र स्वीकारत नाही. काही निवडक जुने गेम कंपनी पुन्हा विकते, पण ते आपल्याला नव्याने विकत घ्यावे लागतात.

नवे यंत्र जुने गेम का चालवते किंवा का चालवत नाही, याचे कारण बहुतेक वेळा आतल्या चिपांमध्ये असते. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचाच प्रोसेसर बसवलेला होता. एरवी तो रिमोट, मेमरी कार्ड अशा जोडण्यांचे काम पाहायचा आणि जुनी डिस्क घातली की स्वतः गेम चालवायचा. पुढे २००५ च्या शेवटी आलेल्या बारीक मॉडेलांत ती चिप काढली गेली आणि तिच्या जागी दुसऱ्या जातीचा प्रोसेसर जुन्या चिपेची नक्कल करू लागला. आपले यंत्र २००७ मध्ये घेतलेले असल्यामुळे बहुधा याच प्रकारचे असेल. म्हणजे आपण ज्याला अस्सल यंत्र म्हणतो, त्यातही इम्युलेशन आधीपासून बसलेले असते.

प्लेस्टेशन ३ ची गोष्ट अधिक बोलकी आहे. २००६ च्या पहिल्या मॉडेलांत प्लेस्टेशन २ चा प्रोसेसर आणि चित्राची चिप, दोन्ही होत्या. पुढच्या मॉडेलात प्रोसेसर काढून फक्त चित्राची चिप ठेवली, आणि २००७ च्या अखेरीस खर्च कमी करण्यासाठी आलेल्या मॉडेलात ती सोयच गेली. ज्याने एक वर्ष उशिरा तेच नाव लिहिलेला खोका घेतला, त्याच्या जुन्या डिस्क निरुपयोगी झाल्या. प्लेस्टेशन ४ साठी कंपनीने संगणकासारखा प्रोसेसर निवडला आणि प्लेस्टेशन ३ च्या सेल या विलक्षण प्रोसेसरशी नाते तोडले. ५ मध्ये पुन्हा त्याच कुळातला प्रोसेसर आला, म्हणून ४ चे गेम सहज चालले. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून एक्सबॉक्स वन या आपल्या यंत्रावर आधीच्या पिढीचे गेम सॉफ्टवेअरने चालवून दाखवले, आणि ते काम खरोखर कौतुकास्पद आहे; पण तिथेही डिस्क ही केवळ किल्ली असते, गेम नव्याने डाउनलोड होतो, आणि यादीत नसलेला गेम चालत नाही. त्या यादीत नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटची भर पडली. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की कंपनीच्या सोयीवर आपल्या जुन्या डिस्कांचे भवितव्य सोपवू नये.

आता आपल्या आठवणीविषयी. आपली आठवण बरोबर आहे आणि मला हे सांगताना मनापासून आनंद होतो.

मूळ फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानमध्ये आला. तिथला टीव्ही सेकंदाला साठ चित्रे दाखवायचा आणि गेमचा सगळा हिशोब त्या चित्रांवर चालायचा: प्रत्येक चित्रामागे मारिओ ठरावीक अंतर सरकतो आणि संगीताचा पुढचा तुकडा वाजतो. भारतातले प्रक्षेपण पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला पन्नास चित्रांचे. त्यामुळे पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर तोच गेम सहाव्या हिश्शाने मंद चालायचा. जपानी यंत्रावर एका मिनिटात संपणारी धून आपल्या पडवीत बहात्तर सेकंदांनी संपत असे. सूर मात्र फारसा उतरत नसे, कारण सूर प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून असतो. निन्टेन्डोच्या स्वतःच्या युरोपीय यंत्रात प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर उतरवला होता, तर नकला करणाऱ्यांनी तो १.७७ वर, म्हणजे जपानी यंत्राच्या १.७९ च्या अगदी जवळ ठेवला. शिवाय त्यांनी चित्राच्या खाली पन्नासभर रिकाम्या ओळी अशा जोडल्या की गेमला चित्र संपल्याची सूचना उशिरा मिळावी, आणि मग पुढचे चित्र सुरू होईपर्यंत जपानी यंत्राइतकाच वेळ उरावा. त्यामुळे जपानी गेम या यंत्रांवर न अडखळता चालले. स्वस्त नकलेत केलेले हे काम फार हुशारीचे होते, आणि त्याची दखल फारशी कोणी घेतलेली नाही.

फोनवरचा इम्युलेटर आपल्याला जपानी वेग दाखवतो आहे. सेटिंगमध्ये रीजन किंवा प्रदेश असा पर्याय शोधा आणि तिथे डेंडी निवडा. डेंडी हे रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या अशाच एका नकली यंत्राचे नाव आहे आणि इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी या सगळ्या जातीला तेच नाव दिले आहे. संगणकावर मेसेन आणि एफसीईयूएक्स या दोन्हींत हा पर्याय आहे. नुसता पाल निवडू नका. तो युरोपीय यंत्राचा वेग आहे, आणि त्यात संगीताचा सूरही उतरेल.

खाडीकाठ (देवगड तालुका)

आपण सांगितल्याप्रमाणे डेंडी निवडले आणि पहिल्या दोन सेकंदांतच ओळख पटली. स्वयंपाकघरातून आईने विचारले, "तो जुना गेम सुरू झाला का रे?" तिने पडदा पाहिलेलाही नव्हता. आपले मनापासून आभार.

पुतण्याला नवे यंत्र घेऊ नको असे सांगितले आहे. पण आता दुसरी काळजी लागली. डिस्क आणि कॅसेटी यांच्या प्रती काढायच्या तर आधी कोणत्या काढाव्यात, आणि तसे करणे कायद्याला धरून आहे का?

वाशिष्ठी (चिपळूण)

नमस्कार. क्रमाविषयी मी अनुभवाने सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीएवढे पाणी होते आणि माझे प्लेस्टेशन २ दोन दिवस चिखलात पडून होते. यंत्र गेले. मेमरी कार्ड वाळवून, साफ करून पाहिले, तेही गेले. छापील डिस्क मात्र स्वच्छ पाण्याने धुतल्या, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसल्या आणि एक सोडून सगळ्या वाचल्या. रेकॉर्ड केलेल्या डिस्कांपैकी जवळजवळ एकही वाचली नाही. छापील डिस्कमध्ये माहिती प्लॅस्टिकवर खड्ड्यांच्या रूपात दाबलेली असते, तर रेकॉर्ड केलेल्या डिस्कमध्ये ती रंगाच्या पातळ थरात जाळलेली असते, आणि तो थर उष्णता, ऊन व ओलीने पूर न येताही खराब होतो. म्हणून आधी मेमरी कार्ड, मग डिस्क, आणि मग कॅसेटी, असा क्रम मी सुचवेन. डिस्कची दुसरी प्रत जगात कुठेतरी सापडेल. आपल्या वाडीतल्या अकरा जणांची नावे मात्र त्या एका कार्डाखेरीज कुठेही नाहीत.

आपले यंत्र रेकॉर्ड केलेल्या डिस्क चालवते, याचा अर्थ त्यात अनधिकृत डिस्कही चालू देणारी जादा चिप बसवलेली आहे, आणि इथे ती कामाला येईल. यूलाँचईएलएफ हा छोटा प्रोग्राम डिस्कवर घेऊन त्या यंत्रात सुरू करा, पुढच्या बाजूला एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह लावा, आणि कार्डावरचे फोल्डर पीएसयू स्वरूपात त्यावर उतरवा. यंत्राचा यूएसबी जुन्या पद्धतीचा असल्यामुळे वेळ लागेल, पण कार्डच आठ मेगाबाइटचे आहे. ती फाइल नंतर संगणकावर पीसीएसएक्स२ या इम्युलेटरच्या कार्डात घालता येते. त्याला लागणारा बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा आतला मूळ प्रोग्रामही, आपल्याच यंत्रातून काढून घ्या. तो इम्युलेटरसोबत दिला जात नाही, कारण त्यावर कंपनीचा हक्क आहे.

छापील डिस्कांची प्रत संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हवर काढता येते. पहिल्या प्लेस्टेशनची एखादी डिस्क निघाली तर आयएसओ या एका फाइलच्या स्वरूपाऐवजी बिन आणि क्यू या जोड फाइलींच्या स्वरूपात प्रत काढा. अनेक गेमांचे संगीत डिस्कवर गाण्याच्या सीडीसारखे वेगळे असते, आणि आयएसओमध्ये ते गळून पडते.

कायद्याविषयी: भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२(१)(एए) नुसार संगणकीय प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून तात्पुरते संरक्षण या हेतूने, आणि मूळ उद्देशासाठीच वापरण्याकरिता, प्रत काढता येते. आपल्या सहा छापील डिस्क या तरतुदीत बसतात असे मला वाटते. बाजारातल्या रेकॉर्ड केलेल्या अठरा डिस्क मुळातच अनधिकृत आहेत, त्यामुळे त्यांना हा आधार नाही. इम्युलेटर बनवणे हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही, असा निकाल अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात लागला होता. तो आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी इम्युलेटर आणि गेमची फुकट वाटलेली प्रत यांत फरक करायला हवा, हे त्यातून नीट समजते.

शेवटी एक विनंती. त्या सहा छापील डिस्कांची नावे इथे लिहाल का? प्लेस्टेशन २ साठी भारतात काही गेम बनले होते. २००९ मध्ये 'हनुमान: बॉय वॉरियर' आला आणि त्याच वर्षी कबड्डी, पतंग असे आपले खेळ असलेला 'देसी अड्डा' आला. त्या यंत्राचे इतर देशांत गाजलेले गेम सांभाळायला हजारो लोक आहेत. हे गेम मात्र आपल्याच घरांच्या माळ्यांवर आहेत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले की तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. आपल्याकडे तर अशी मोजणी करण्याइतकीही यादी माझ्या पाहण्यात आलेली नाही.

गोळप_दुरुस्ती (रत्नागिरी तालुका)

ताईंचा क्रम मला पटतो, पण प्रत निघाली म्हणून यंत्र भंगारात देऊ नका, एवढे माझे म्हणणे नोंदवून ठेवा. बंदूक, डबा टीव्ही आणि रिमोटचे ते कडक बटण यांची प्रत निघत नाही. दोन्ही यंत्रे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्या निदान पावसाळ्यापूर्वी आणि नंतर बदला, आणि महिन्यातून एकदा यंत्र अर्धा तास चालू ठेवा. आतली ओल जाते.

मोती_तलाव (सावंतवाडी)

कॅसेटींची प्रत काढण्याचे यंत्र माझ्याकडे आहे आणि त्याला साठ पट्ट्यांचा जोड आहे. नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार गेम असल्याचे लिहिलेल्या कॅसेटी असतील तर त्यांना थोडा वेळ लागेल. मूळ मारिओ अवघा चाळीस किलोबाइटचा आहे आणि तो यंत्राला एका वेळी सगळा दिसतो. मोठ्या कॅसेटीत मात्र मॅपर नावाचा भाग असतो, जो एकामागून एक पाने उलटून प्रोसेसरसमोर धरतो. नकली कॅसेटींत प्रत्येक कारखान्याने ही पाने उलटण्याची आपापली पद्धत वापरली होती, आणि ती ओळखल्याशिवाय काढलेली प्रत इम्युलेटरला वाचता येत नाही.

खाडीकाठ (देवगड तालुका)

दहा दिवसांनी लिहितो आहे. लेन्सच्या रुळाचे ग्रीस बदलल्यावर प्लेस्टेशन पहिल्याच प्रयत्नात डिस्क वाचू लागले, आणि काल रात्री मेमरी कार्ड पेन ड्राइव्हवर उतरवले. दोन फोल्डर वाचता आली नाहीत, पण क्रिकेटचे वाचता आले. संगणकावर संघ उघडला, तेव्हा अकराही नावे जशीच्या तशी होती. आठव्या क्रमांकावर माझे नाव भावाने मुद्दाम चुकीचे लिहिले होते, तेही तसेच आहे. पडद्याचा फोटो सगळ्यांना पाठवला आणि आखातातल्या मित्राचा रात्री दोन वाजता फोन आला.

वाशिष्ठीताई, सहा छापील डिस्कांपैकी एक 'देसी अड्डा' आहे. मागच्या बाजूला दोन ओरखडे आहेत, पण तिची प्रत पूर्ण निघाली. कॅसेटींच्या पट्ट्या पुसून झाल्या आहेत. नऊ चालतात, दोन अजून राखाडीच आहेत. मोती तलाव, आपल्याला सोयीचे असेल तर येत्या रविवारी अकराही कॅसेटी घेऊन सावंतवाडीला येतो.